चिंचोक्यांची पेटी

आईच्या पेटीत तीनशे बारा चिंचोके होते. हा आकडा मला माझ्या शाळेच्या हजेरी क्रमांकासारखा पाठ आहे, कारण रोज दुपारी अंगणवाडी सुटली की ते मोजायचं काम माझ्याकडे असायचं. मी तेव्हा दुसरीत होते. माझी शाळा सकाळची. सुटले की दप्तर घेऊन थेट आईकडे जायचे. आई ओट्यावरचं खरकटं काढत असायची, मदतनीस मावशी पातेलं घासत असायच्या आणि मी पत्र्याची पेटी पुढ्यात घेऊन दहा-दहाचे ढीग लावत बसायचे. एकतीस ढीग आणि वर दोन. एक जरी कमी भरला तरी आई हातातलं काम टाकून शोधायला लागायची. ओट्याच्या फटीत, सतरंजीखाली, मुलांच्या चड्डीच्या खिशात. सापडला नाही तर ज्यांच्या हाती त्या दिवशी चिंचोके दिले होते, त्या एकेकाच्या घरी जाऊन यायची.

याला कारण होतं. अंगणवाडी सुरू झाली त्याच वर्षी एका साडेतीन वर्षांच्या मुलाने चिंचोका नाकात घातला. घरी कुणाला सांगितलं नाही. चार दिवसांनी नाक सुजलं, घाण वास येऊ लागला, तेव्हा कुठे कळलं. चिंचोका आत ओला होऊन फुगला होता. आई त्या मुलाला कडेवर घेऊन डॉक्टरकडे गेली, त्याच्या आईबरोबर बाकावर बसून राहिली, आणि चिंचोका निघाल्यावर म्हणे त्या बाईच्या आधी हीच रडली. मूल बरं झालं. कुणी आईला बोल लावला नाही. तिने मात्र स्वतःला लावला आणि पुढची अडतीस वर्षं चिंचोके मोजले. मी मोठी होऊन कॉलेजात गेले, तेव्हा ती स्वतः मोजायला लागली.

आमचं गाव डहाणू तालुक्यात, समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या पट्ट्यात. एका बाजूला चिकूच्या वाड्या आणि दुसऱ्या बाजूला वारल्यांचे पाडे. तेव्हा जिल्हा ठाणे होता. पालघर जिल्हा झाला तो २०१४ च्या १ ऑगस्टला. आई १९८५ साली अंगणवाडी सेविका झाली. जुनी मॅट्रिक, वय सत्तावीस, मी पोटात. इमारत वगैरे काही नव्हतं. एका घराचा ओटा आणि त्यापुढचं शेणाने सारवलेलं अंगण. पावसाळ्यात ओटा गळायचा तेव्हा पडवी. गावातल्या लोकांना ‘अंगणवाडी’ या शब्दाचं काही विशेष वाटलं नाही. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी, एवढंच. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं. हा शब्द आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, आमच्याच तालुक्यात घडला आहे, हे मला कळलं ते नोकरीला लागल्यावर.

आज मला आईविषयी लिहायचं आहे. पण आईविषयी लिहायला बसले की ज्यांच्या कामातून हा शब्द आला त्या अनुताई वाघ मध्ये येतात, आणि त्यांना बाजूला ठेवून आईचं काम सांगता येत नाही. दोघींची कधी भेट झाली नाही. १९८५ ते १९९२ अशी सात वर्षं दोघी एकाच तालुक्यात मुलांना शिकवत होत्या. आई आमच्या पाड्यात, अनुताई कोसबाडच्या टेकडीवर. “जाईन जाईन म्हणता राहून गेलं,” असं आई म्हणते. आणि हे वाक्य ती दरवेळी त्याच सुरात म्हणते.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१०चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. त्या काळी ब्राह्मण घरातल्या तेरा वर्षांच्या विधवेपुढे कोणता रस्ता असायचा, ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरच्यांनी त्यांना शिकू दिलं. त्या शिक्षिका झाल्या, आधी नाशिक जिल्ह्यात आणि मग पुण्याला हुजूरपागेत. हुजूरपागेत दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचं, असं करत १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. बी.ए. झाल्या तेव्हा वय एक्कावन्न होतं. मधल्या काळात त्यांनी हातातली सुखाची नोकरी सोडली होती. १९४५ साली कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविका शिबिरात, बोरिवलीला, त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाई खेड्यात बालशिक्षणाचं केंद्र काढायच्या विचारात होत्या. अनुताई त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या. वय पस्तीस. पुढची सत्तेचाळीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, त्या या भागातून हलल्या नाहीत.

ताराबाई वयाने त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य राहिलेल्या. ती जागा सोडून त्या भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांकडे गेल्या, आणि १९२६ साली तिथे नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार काढलं. मध्यमवर्गातली मुलं, माँटेसरीची साधनं, नीटनेटकं चाललेलं काम. आणि मग वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या बोर्डीला येऊन राहिल्या. बोर्डीत आचार्य भिसे यांच्यासारखी माणसं आधीपासून आदिवासींच्या शिक्षणासाठी झटत होती, त्यामुळे जमीन थोडी नांगरलेली होती. तरीही त्रेपन्नाव्या वर्षी दादर सोडून येणं ही लहान गोष्ट नाही.

१९४५ हे साल आमच्याकडे आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवलं जातं. त्या वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारली जमले आणि त्यांनी ठरवलं की सावकाराच्या शेतावर वेठबिगारी करायची नाही. लग्नाच्या कर्जापायी नवराबायको दोघांनी पिढ्यान्‌पिढ्या राबायचं, ती लग्नगडी पद्धत याच उठावाने मोडली. म्हणजे ज्या वर्षी आईबापांनी वेठीला नकार दिला, त्याच वर्षी त्याच तालुक्यांच्या पट्ट्यात त्यांच्या मुलांसाठी दोन बाया बालवाडी काढायला आल्या. दोन्ही कामं वेगळ्या माणसांची आणि वेगळ्या विचारांची होती. पण मला ती एकत्रच आठवतात. वेठीवर गेलेल्या आईच्या मुलाला शाळा कुठली? ते मूल बांधावर पडलेलं असायचं, किंवा सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर.

बोर्डीत त्यांनी बालवाडी उघडली आणि मुलं आली नाहीत. इथे माझ्या मते या कामाची खरी सुरुवात होते. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, यांना शिक्षणाची किंमत नाही. या दोघी उठून वस्तीत गेल्या. मुलं जिथे खेळत होती, तिथेच, त्यांच्या अंगणात बसल्या. आधी पाटी काढली नाही. आंघोळी घातल्या, नखं कापली, केस विंचरले, मग गाणी, गोष्टी. गावात मध्यभागी भरणारी ती मध्यवर्ती बालवाडी, आणि वस्तीतल्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी. नाव असं पडलं. पुढे कोसबाडला, १९५६-५७च्या सुमारास काम टेकडीवर हललं, तेव्हा हेच आणखी पुढे गेलं. मोठी मुलं गुरं राखायला कुरणात जातात म्हणून शाळेत येत नाहीत ना, मग शाळा कुरणात. तिला त्यांनी कुरणशाळा म्हटलं. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात म्हणून येत नाहीत ना, मग शाळेला लागूनच पाळणाघर. मुलीने भावंडाला पाळण्यात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसायचं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणणाऱ्या या प्रयोगाला त्यांनी नाव दिलं विकासवाडी.

हे वाचलं तेव्हा मला एकदम आईची पिशवी आठवली.

आईची एक कापडी पिशवी होती, रेशनच्या साखरेच्या पोत्याची शिवलेली. त्यात कंगवा, खोबरेल तेलाची बाटली, नेलकटर, जुन्या धोतराचे फाडलेले तुकडे. सकाळी साडेआठला ती निघायची आणि घराघरात डोकावत जायची. “उठला का रे? चल, बाई आली.” एखादं मूल नागडंच उभं असायचं. त्याला नळाखाली धरून, धोतराच्या तुकड्याने पुसून, खांद्यावर टाकून पुढे. तिच्यामागे शेपूट वाढत जायचं. आठ, दहा, पंधरा. ओट्यावर पोचेपर्यंत तिला जवळजवळ दीड तास लागायचा. नोंदवहीत या दीड तासाला रकाना नव्हता. अंगणवाडी भरण्याची वेळ, मुलांची उपस्थिती, आहाराचा तपशील, सगळ्याला रकाने होते. पण मूल घरातून उचलून आणायला रकाना नाही. आईने अनुताईंचं त्या वेळपर्यंत काहीही वाचलेलं नव्हतं. तिला कुणी सांगितलंही नव्हतं की आधी आंघोळ घाल आणि मग गाणं म्हण. समोर तसं मूल आलं की हात आपोआप तिकडेच जातात, असं ती म्हणते. मला ते पुरतं पटत नाही, कारण असेही हात मी पाहिले आहेत जे जात नाहीत.

आता पेटीविषयी. चिंचोके होतेच, शिवाय समुद्रावरून आणलेले शिंपले, रिठ्याच्या बिया, वाळवलेली पानं, रंगीत बांगड्यांचे तुकडे कडा घासून बोथट केलेले, नारळाच्या करवंट्या एकात एक बसतील अशा पाच. गुंजा मात्र आईने कधी ठेवल्या नाहीत. दिसायला सगळ्यांत सुंदर, लाल अंगावर काळा ठिपका, मुलं हट्ट करायची. पण गुंज विषारी. मुलाने चावली तर जिवावर बेतेल म्हणून तिने दारातली वेलसुद्धा उपटून टाकली होती. करवंट्या लहानापासून मोठीपर्यंत लावायच्या. शिंपल्यांच्या जोड्या जुळवायच्या. डोळे मिटून हाताने ओळखायचं, चिंचोका की रिठा? चिंचोके ओळीत लावून भात, ओळ वळवून नदी, दोन ओळी जवळ आणून डहाणूची रेल्वे.

माँटेसरीबाईंची साधनं मी पुढे एका मोठ्या शहरातल्या शाळेत पाहिली. गुलाबी मनोरा, तपकिरी जिना, गुळगुळीत लाकूड, काटेकोर मापं. फार देखणी. आणि पाहताना जाणवलं की ही आमच्या पाच करवंट्यांचीच थोरली बहीण आहे. ताराबाईंनी आणि अनुताईंनी हेच केलं होतं. साधनामागचं तत्त्व घेतलं आणि सामान आपल्या मातीतलं वापरलं. खरं तर माँटेसरीबाईंची पहिली शाळासुद्धा, १९०७ साली रोममध्ये, गरीब कामगारवस्तीतच निघाली होती. आपल्याकडे येईपर्यंत ती श्रीमंतांची झाली. तिला पुन्हा गरिबाच्या मुलाकडे नेऊन पोचवण्याचं काम बोर्डीत आणि कोसबाडला झालं.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण तीच वर्षानुवर्षं मनात सलते आहे. शिंपला आणि चिंचोका स्वस्त आहे हे खरं, आणि खेड्यात पैसा नव्हता हेही खरं. पण ते एकच कारण नव्हतं. समुद्राकाठच्या मुलाने शिंपला जन्मापासून हाताळलेला असतो. त्याचा काठ, त्याचा खरखरीतपणा, त्याचा वास त्याला ठाऊक असतो. जे ठाऊक आहे त्यापासून सुरुवात केली की मूल घाबरत नाही. म्हणजे साधन मुलाच्या ओळखीचं हवं होतं, आणि ते स्वस्तही निघालं. पुढे सरकारने २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आमच्या तालुक्यातला शब्द देशभर गेला. याचा मला अभिमान आहे, खूप आहे. पण शब्दाबरोबर काय गेलं आणि काय मागे राहिलं? स्वस्तपणा तेवढा गेला. साधन स्वस्त, जागा स्वस्त, आणि मग बाईही स्वस्त. आईला मिळायचं ते वेतन नव्हतं, ‘मानधन’ होतं. सुरुवातीला ते तीन आकडी होतं, आणि तेही कधी दोन-दोन महिने यायचं नाही. ती नोकरदार नव्हती, ‘स्वयंसेविका’ होती. कागदावर ती अर्धा दिवस हौसेने समाजसेवा करणारी बाई होती.

अनुताईंनी स्वतःचं आयुष्य दिलं. तो त्यांचा निर्णय होता, आणि त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण एका बाईने मनापासून दिलेलं आयुष्य दाखवून लाखो बायांकडून तेच गृहीत धरायचं, हे मला कधीच मान्य झालं नाही. आईने हे असं बोलून दाखवलं नाही. मी बोलते.

तिची कामं सांगू? मुलांना शिकवणं हे योजनेतल्या सहा सेवांपैकी एक. बाकीच्यांत पोषण आहार, लसीकरणाच्या दिवशी बाळं गोळा करून आणणं, गरोदर बायांची नोंद, दवाखान्यात पाठवायच्या मुलांचा पाठपुरावा, आयांची बैठक. शिवाय पल्स पोलिओ, निरनिराळी सर्वेक्षणं, मतदार याद्यांचं काम. आणि महिन्यातून एकदा वजन.

वजनाचा दिवस मला स्पष्ट दिसतो. ओट्याच्या वाशाला दोरीने काटा टांगलेला, गोल तबकडीचा, खाली हूक. हुकाला कापडाची झोळी अडकवायची आणि मूल त्यात. झोळीत बसवलं की मूल किंचाळायचं, पाय झाडायचं, आणि काट्याची सुई थरथरत मागेपुढे व्हायची. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी अंदाजाने मधला आकडा लिहून मोकळे होतात. आई थांबायची. झोळीसमोर उकिडवी बसून मुलाच्या डोळ्यांत बघत हळू आवाजात तेच एक गाणं म्हणायची. मूल गप्प व्हायचं, सुई स्थिर व्हायची, मग ती आकडा वाचायची आणि आधी पेन्सिलीने लिहायची. सगळ्यांची वजनं झाल्यावर पुन्हा एकदा तपासून पेनाने.

एका वर्षी पावसाळ्यात एक मुलगी आली, दोन वर्षांची. कुटुंब वीटभट्टीवरून मे महिन्यात परतलं होतं. आईबाप भाताच्या लावणीला जात होते. काटा साडेसहा किलोवर थांबला. आईने सुई पुन्हा शून्यावर आहे का ते पाहिलं आणि मुलीला पुन्हा झोळीत घातलं. साडेसहाच. तेव्हा कुपोषणाच्या श्रेण्या असायच्या, पहिली ते चौथी, आणि ही मुलगी तिसऱ्या श्रेणीत बसत होती. आईने आकडा लिहिला. तिला वरून सांगण्यात आलं, सांगणाऱ्याचं पद इथे लिहीत नाही, की गेल्या महिन्यात तुमच्याकडे तिसऱ्या श्रेणीत कुणी नव्हतं, मग आता कसं आलं, जरा बघा. ‘जरा बघा’चा अर्थ तिला कळला होता. १९९२ साली शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने मुलं दगावली होती आणि त्या गावांची नावं राज्यभर पोचली होती. त्यानंतर प्रत्येक आकड्याची सगळ्यांनाच भीती बसली होती. आईने आकडा बदलला नाही. “सुईनं सांगितलं ते लिहिलं,” एवढंच ती म्हणाली. त्या मुलीला ती रोज दुपारी आमच्या घरी घेऊन यायची. मऊ भात, वर तूप नव्हतं म्हणून शेंगदाण्याचं तेल, उकडलेलं अंडं कुस्करून. माझ्या ताटातलं अर्धं अंडं त्या तीन महिन्यांत तिच्याकडे गेलं आणि मी त्यावरून भांडले, हे लिहून ठेवते. दिवाळीपर्यंत काटा आठच्या पुढे गेला.

आणि दिवाळी झाल्यावर ते कुटुंब पुन्हा वीटभट्टीवर निघून गेलं.

आमच्या भागात हे दरवर्षीचं. भात कापून झाला की माणसं भिवंडी, वसईकडच्या भट्ट्यांवर जातात, मुलं बरोबर, आणि येतात ती पावसाच्या तोंडावर. आईच्या ओट्यावर नोव्हेंबरमध्ये एकदम निम्मी मुलं दिसायची. त्या दिवसांत ती चिडचिडी व्हायची. तिच्या रजिस्टरात त्या मुलांपुढे ‘स्थलांतरित’ असा एक शब्द लिहायचा, आणि काम संपलं. भट्टीवर मजूर कच्च्या विटा रचून राहायला खोपटं करतात, त्याला भोंगा म्हणतात. विधायक संसद या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच भोंगाशाळा काढल्या, हे आईला कळलं, तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता. ती म्हणाली, “बघ, कुणीतरी मागे गेलं त्यांच्या.” मला वाटतं कुरणशाळा आणि भोंगाशाळा यांचं नातं यापेक्षा चांगलं कुणी सांगू शकणार नाही. मूल गेलं तिकडे कुणीतरी मागे जायचं.

ताराबाई १९७३च्या ऑगस्टअखेरीस गेल्या. त्यांना १९६२ साली पद्मभूषण मिळाला होता. त्यांच्यानंतर कोसबाडचा भार अनुताईंवर आला. सेविका घडवणं, ‘शिक्षण पत्रिका’ हे मासिक चालवणं, गावोगाव फिरणं. १९८२ साली, बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही संस्था सुरू केली. ती आमच्याच तालुक्यात, ऐने आणि दाभोण या भागात, अजून मुलांच्या शिक्षणाचं काम करते. १९८५ साली अनुताईंना पद्मश्री मिळाला, म्हणजे आई सेविका झाली त्याच वर्षी. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या. मी सात वर्षांची होते. त्या दिवसाची मला काही आठवण नाही. आईला आहे. ती म्हणते, त्या दिवशी अंगणवाडीत मुलांना गोळा करून बसवलं आणि सांगितलं की आपल्या अंगणवाडीची आजी गेली. मुलांनी विचारलं, कुठे राहायची? तिने टेकडीच्या दिशेला बोट दाखवलं.

आई २०२३ साली निवृत्त झाली. पासष्ट वर्षं पूर्ण. शेवटची काही वर्षं तिला मोबाइलने फार त्रास दिला. पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर रोजची हजेरी, फोटो, वजन, उंची. पाड्यात रेंज नसायची म्हणून ती संध्याकाळी फोन घेऊन रस्त्यावर, वडाखाली उभी राहायची. मी रविवारी बोईसरहून यायचे आणि तिची राहिलेली माहिती भरून द्यायचे. मला ते येत होतं. बाकीच्या सेविकांना मुलगी नव्हती बोईसरला.

कार्यभार सोपवताना यादी झाली. काटा एक, सतरंज्या तीन, पातेली, डबे, तक्ते, कपाट. सगळं साठा नोंदवहीत लिहिलेलं. पेटी कुठल्याच वहीत नव्हती. ती आईने स्वतःच्या पैशाने घेतली होती आणि त्यातलं सामान तर फुकटच होतं. नवी सेविका वयाने लहान, दुसऱ्या पाड्यातली, बारावी झालेली. तिने विचारलं, “बाई, ही तुमची आहे का? नेणार का?” आई म्हणाली, “ठेव. पण रोज मोजायचे.” आणि तिला समोर बसवून दहा-दहाचे ढीग लावायला शिकवलं. नाकातल्या चिंचोक्याची गोष्टही सांगितली, सगळी, स्वतःच्या चुकीसकट.

ग्रॅच्युइटीचं मात्र अडकलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ ला निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. ते निकालपत्र आम्ही छापून घेतलं होतं. आईला इंग्रजी येत नाही. मी एकेक परिच्छेद मराठीत सांगत गेले. एका ठिकाणी तिने मला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. या बायांचं काम अर्धवेळचं म्हणता येणार नाही, अशा अर्थाचं न्यायालयाने म्हटलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून चहा टाकला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी संप केला, तो पन्नासहून जास्त दिवस चालला. आई निवृत्त झालेली, तिचा संपाशी तसा संबंध नव्हता. तरी ती डब्यात भाकऱ्या बांधून तालुक्याच्या ठिकाणी धरण्यात जाऊन बसायची. तिथे एकीचं लहान बाळ होतं. आईने तिसऱ्या दिवशी पिशवी बरोबर नेली. कंगवा, तेल, नेलकटर.

त्यानंतरच्या मार्चमध्ये, १७ तारखेला, मी तिला कोसबाडला घेऊन गेले. रविवार होता. अनुताईंचा जन्मदिवस हे मी मुद्दाम पाहून ठेवलं होतं, तिला सांगितलं नव्हतं. घोलवडला उतरलो आणि रिक्षा केली. दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या, मग चढण. आई काठाला धरून बसली होती आणि बाहेर बघत होती. चढण सुरू झाल्यावर ती म्हणाली, “हे सगळं चालत चढायच्या त्या.” मी म्हटलं, हो, चालतच. वर पोचल्यावर तिने चप्पल काढली. देवळात काढतो तशी नाही, शाळेच्या ओट्यावर चढताना काढतो तशी, बाजूला जोडी नीट लावून. आम्ही फार वेळ थांबलो नाही. कुणाला भेटायचं म्हणून आलो नव्हतो. तिने एका भिंतीवरून हात फिरवला, खिडकीची उंची बघितली. “खिडक्या खाली आहेत,” ती म्हणाली, “पोरांना बाहेर दिसावं म्हणून.” मला ते दिसलंच नव्हतं.

परत येताना रिक्षा नव्हती, म्हणून थोडं चालत उतरलो. वाटेत रस्त्याच्या कडेला एक मोठी चिंच होती आणि खाली वाळलेल्या शेंगांचा खच. आई थांबली. पदर पसरून तिने शेंगा गोळा करायला सुरुवात केली. मी म्हटलं, आई, घरी चिंच आहे की. ती म्हणाली, “चिंच नको गं. परवा नवी बाई भेटली होती. दोनशे नव्वदच राहिलेत म्हणाली.”

आम्ही तिथेच एका दगडावर बसलो आणि शेंगा फोडून चिंचोके काढत राहिलो. बोटं चिकट झाली. बावीस हवे होते. आईने तीस काढले. मग ते रुमालात घालून गाठ मारण्याआधी तिने एकेक चिंचोका नखाने तपासला, किडका नाही ना, कड तुटलेली नाही ना.